मापाची फेरी

केबिन म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला येऊ नये. पेठ नाक्यावर हायवेला लागून निळ्या पत्र्याचा कारखाना दिसतो ना, तो आमचा. पाटीवर लिहिलंय, 'तातोबा मिस्त्री आणि कन्या'. त्यातली कन्या मी, वैजयंता. पाटी रंगवली तेव्हा भावकीतले लोक म्हणाले होते, "तातोबा, 'आणि कन्या' असं कुठं असतं व्हय?" आबा म्हणाले, "हितं असतं. वाचता येत नसंल तर वाचून दाखवू का?"

आबांच्या उमेदीत कंपनीतून ट्रक यायचा तो नुसता सांगाडा. इंजिन, चाकं, स्टीअरिंग आणि पुढं एक काच. दार नाही, छप्पर नाही. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून, तोंडाला मफलर गुंडाळून, ऊन-वारा खात तो सांगाडा आमच्या दारात आणायचा. आबा त्याला आधी चहा पाजायचे आणि मग सुतळी घेऊन माप घ्यायचे. गाडीचं नव्हे, माणसाचं. कमरेपासून गुडघा, कोपरापासून स्टीअरिंग, बसल्यावर डोकं कुठं येतं. कापड बघून सदरा शिवत नाहीत, तशी गाडी बघून केबिन बांधत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

केबिनचे प्रकार मी सातवीत असताना पाठ केले, पाढे नंतर. एक नाकाडी. तिचं इंजिन पुढं, त्यामुळं आत धग येत नाही, पण घाटाच्या वळणावर त्या लांब नाकापुढचं काही दिसत नाही. दुसरी सपाट तोंडाची. माणूस इंजिनाच्या डोक्यावर बसतो, पाय तापतात, पण आपल्या गल्लीबोळाच्या रस्त्यांना हीच सोसते. मग दिवसाची केबिन, नुसती खुर्ची, खडी-मुरूम टाकून संध्याकाळी घरी जाणाऱ्याला. आणि लांबच्या पल्ल्याला मागं बर्थ असलेली. तिच्यातही साधी आणि उंच छपराची. उंच छपरात गडी उभा राहून पँट घालू शकतो. उभ्यानं पँट घालता आली की ड्रायव्हरला आपण माणूस असल्यासारखं वाटतं, हे आबांचं संशोधन. त्यासाठी त्यांना कोणी डॉक्टरेट दिली नाही, ही त्या डॉक्टरेटवाल्यांची चूक.

आणि आमच्याकडं एक रीत होती. केबिन पुरी झाली की दारावर ड्रायव्हरचं नाव लगेच लिहायचं नाही. आधी मापाची फेरी. बांधणाऱ्यानं स्वतः मागच्या बर्थवर बसून, माल भरलेल्या गाडीतून दोनशे किलोमीटर जायचं. ड्रायव्हर कुठं कण्हतो, कुठं पाय आखडतो, कुठं मान चोळतो, ते बघायचं. परत आल्यावर जे सलत असेल ते तासायचं, आणि मग दारावर नाव. नाव लिहिलं म्हणजे केबिन त्या माणसाला बसली.

मग बिनकेबिनचे घोडे आले. ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला आमच्या धंद्यात घोडा म्हणतात. कंपन्यांनी ड्रायव्हरच काढून टाकला, मग केबिन हवीच कशाला? नुसता बाजेसारखा सपाट घोडा, चार कोपऱ्यांना कॅमेरे. दोन्हीकडं भिंत घातलेल्या द्रुतगती रस्त्यावर तो सुतासारखा सरळ जायचा. पण आमच्या भागात उसाचा ट्रॅक्टर उलट्या बाजूनं, दिवा न लावता, मोठ्या आवाजात गाणी लावून येतो. त्याच्यासमोर तो घोडा जो थांबायचा तो थांबायचाच. मागं तीन-तीन किलोमीटर रांग. शेवटी सरकारनं घाटाच्या आणि ऊसपट्ट्याच्या मार्गांवर माणसाचे घोडे ठेवले, पण एका अटीवर. प्रत्येक केबिनमध्ये जागल्या बसवायचा.

पूर्वी गावात रात्री पहारा देणारा जागल्या असायचा, त्याचंच नाव लोकांनी या यंत्राला दिलं. खरं तर ते यंत्र म्हणजे कापड. आपलं हृदय रक्त बाहेर फेकतं तेव्हा सगळ्या शरीराला एक बारीक हिसका बसतो, आपल्याला कळत नाही इतका बारीक. वजनकाट्यावर उभं राहिलं की काटा थरथरतो ना, त्यात तोही असतो. जागल्याच्या कापडात असे तंतू विणलेत, की ते जरासे दाबले-ताणले गेले तरी त्यांच्यात वीज उमटते. ते कापड खुर्चीवर ताणायचं. ड्रायव्हरला काही चिकटवायला नको की बांधायला नको. नुसतं बसला की प्रत्येक ठोका आणि प्रत्येक श्वास टिपला जातो.

झोप अचानक येत नाही. पापणी मिटायच्या बारा-पंधरा मिनिटं आधी ठोके मंदावतात, श्वास लांबतो आणि अडखळतो. घोरणाऱ्याचा श्वास कसा थांबतो आणि मग एकदम आत ओढला जातो, तसा. जागल्या ते ओळखतो, भोंगा वाजवतो, गाडी डाव्या कडेला घेऊन चाळीस मिनिटं कुलूपबंद करतो. एका महिन्यात असे तीन थांबे झाले की चौकशी, आणि चौकशीत यंत्र बरोबर ठरलं की अवजड गाडीचा परवाना कायमचा रद्द. ड्रायव्हरांनी आधी शिव्या घातल्या. पण अपघात निम्म्यावर आले, तेव्हा त्यांच्या बायकांनी जागल्याला हळदीकुंकू वाहिलं.

जागल्या बसवायचा दाखला जिल्ह्यात आधी आम्हालाच मिळाला, कारण आमची रीत. यंत्रात लाखो ड्रायव्हरांच्या श्वासाची सरासरी भरलेली असते, पण माणूस काही सरासरी नसतो. म्हणून नियमच केला की बांधणाऱ्यानं दोनशे किलोमीटर सोबत बसून यंत्राला त्या ड्रायव्हरचा जागेपणीचा श्वास शिकवायचा आणि तक्त्यावर सही करायची. म्हणजे आमची मापाचीच फेरी! आबांनी सुतळीनं जे केलं ते दिल्लीला चाळीस वर्षांनी सुचलं. मी तेव्हा गावात पेढे वाटले.

आता माझ्या नवऱ्याचं सांगते. मच्छिंद्र ऐवळे. सत्तावीस वर्षं स्टीअरिंगवर, आणि गाडीला एक ओरखडा नाही. त्याच्यासाठी मी एकेचाळिसावी केबिन बांधली. सपाट तोंडाची, उंच छपराची, बर्थ साडेसहा फूट, डबा अडकवायला पितळी आकडा, पायरी जमिनीपासून अशी की गुडघा दुखला नाही पाहिजे. अशी केबिन महाराष्ट्रात दुसरी दाखवा.

फक्त मापाची फेरी केली नाही. दिवाळीची घाई होती, दारात सहा गाड्या उभ्या होत्या, आणि मला वाटलं, याचं माप मला पाठ आहे. घरचाच माणूस! तक्त्यावर मी 'फेरी झाली' असं लिहिलं आणि सही ठोकली. दारावर नाव लिहायचं तेवढं जिवावर आलं, तिथं आबांची रीत आडवी आली. त्यामुळं जिल्ह्यात माझ्या चाळीस केबिनींच्या दारावर नावं होती, आणि माझ्या नवऱ्याचं दार कोरं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पहिला थांबा संक्रांतीनंतर आला. निपाणीच्या पुढं तवंदी घाट उतरला की सपाट रस्ता लागतो, तिथं, सकाळी अकराला. मच्छिंद्र घरी येऊन म्हणाला, "तुझ्या जागल्याचं डोकं फिरलंय. मी टक्क जागा हुतो." मी हसले. आठ दिवसांनी दुसरा, तिथंच. मी त्याचा चहा दुप्पट केला आणि रात्रीचा मोबाईल बंद केला. तिसरा पुन्हा तिथंच.

चौकशीचा कागद आला. त्यात बांधणाऱ्याचं मत मागितलं होतं, यंत्रात दोष आहे का. मी यंत्र उघडून तपासलं. तार न् तार, तंतू न् तंतू. दोष असता तर मला दिसला असता. श्वासाची नोंद स्पष्ट होती, लांबलेला, अडखळलेला, अगदी पेंगुळलेल्या माणसाचा. मी लिहिलं, 'यंत्र निर्दोष आहे. चालकास थकवा जाणवत असावा.' आणि तो कागद तसाच टेबलावर ठेवला.

त्यानं तो वाचला. ओरडला असता तर बरं झालं असतं. "वैजू, सत्तावीस वर्षांत मी स्टीअरिंगवर डोळा मिटला न्हाय," एवढंच म्हणाला.

"अहो, पण मशीन खोटं कसं बोलेल?"

"मग मी बोलतोय, व्हय?"

तो बाहेर गेला, केबिनमधली आपली उशी काढली, डब्याचा पितळी आकडा स्क्रू काढून हातात घेतला आणि माझ्या टेबलावर आणून ठेवला. जिवाला असं लागलं म्हणून सांगू! माझ्या केबिनीतून कोणी आपलं सामान काढून घेतलं, असं आजवर झालं नव्हतं, आणि ते पहिलं काढलं ते माझ्याच माणसानं.

चौकशी होईपर्यंत त्याला एकट्यानं गाडी न्यायला बंदी होती. पण पोलादाची गुंडाळी बेळगावला पोचवायची होती, आणि बांधणारा सोबत असेल तर नियम परवानगी देतो. "मी येते," म्हटलं. तो म्हणाला, "ये. बघ तरी."

सकाळी सातला निघालो. मी मागं बर्थवर, मांडीवर जागल्याची पडदेवाली पाटी, तिच्यावर त्याच्या ठोक्यांची आणि श्वासाची रेघ. तीन महिने उशिरा मापाची फेरी सुरू झाली, हे माझं मलाच कळत होतं, पण बोलायची लाज वाटत होती. कोल्हापूर गेलं, कागल गेलं. श्वास झकास. तवंदी घाट त्यानं असा उतरवला की पाटीवर ठेवलेला पेन घरंगळला नाही. अभिमान वाटला, पण रुसवा होता म्हणून बोलले नाही.

घाट संपला. समोर सरळ रस्ता, दोन्हीकडं ऊस. आणि माझ्या मांडीवरची रेघ बदलायला लागली. श्वास लांबला, आणखी लांबला, मग एक बारीक हिसका आणि पुन्हा लांब. ठोकेही मंदावले. हा खरंच पेंगतोय की काय! मी पुढं वाकून आरशात बघितलं.

त्याचे डोळे रस्त्यावर टक्क उघडे होते. गाल फुगले होते. ओठ आवळलेले, मधून हवेची बारीक धार, आणि मध्येच नाकानं झटकन श्वास आत. डाव्या हाताची बोटं स्टीअरिंगवर एकेक करून उचलत होती, पडत होती.

हे गाल मी ओळखते. अहो, या गालांसाठी तर मी घरात भांडून लग्न केलं!

मच्छिंद्र आटपाडीकडच्या वाजंत्र्याच्या घरातला. सनई वाजवणारा माणूस सूर तुटू देत नाही. गालात हवा साठवतो, ती ओठांनी ढकलत राहतो आणि त्याच वेळी नाकानं नवी घेतो. आमच्या देवीच्या जत्रेत त्यानं एकच सूर चार मिनिटं धरला होता आणि मी समोर भेळ धरून उभी, भेळ पार मऊ झाली. आबांनी लग्नाला हो म्हटलं ते एका अटीवर. "माझ्या जावयानं दुसऱ्याच्या मांडवाबाहेर बसून वाजवायचं न्हाय, आन् सगळ्यांची पंगत उठल्यावर जेवायचं न्हाय." गाडी तो आधीपासूनच चालवायचा. त्यानं सनई आबांच्या हातात दिली आणि नुसतं स्टीअरिंग ठेवलं. तेव्हा मीही गप्प बसले. एकोणीस वर्षं झाली त्याला. घरात त्यानं साधी शीळ घातली नाही.

मी आता बोलणार, इतक्यात उसातून ट्रॅक्टर आला. उलट्या बाजूनं, दोन ट्रॉल्या मागं. मी किंचाळले. मच्छिंद्रनं माझ्याआधी बघितला होता. ब्रेक, डावीकडं, पुन्हा उजवीकडं. पंचवीस टनांची गुंडाळी मागं असताना त्यानं गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावरून काढली, आणि त्याचे गाल अजून फुगलेलेच होते. सूर तुटला नव्हता.

आणि त्यानंतर जागल्यानं भोंगा वाजवला, पाटीवर अक्षरं उमटली. *चालक झोपेच्या उंबरठ्यावर.* गाडी कडेला जाऊन कुलूपबंद झाली.

"बघितलंस?" तो वैतागून म्हणाला. "आता सांग, मी झोपलो हुतो?"

"तुम्ही सनई वाजवत होता."

तो गोंधळला. "मी? सनई कुठाय हितं?"

"आरशात बघा की. गाल बघा."

त्यानं गालाला हात लावला. "घाट उतरला की तोंड आपसूक लागत आसंल, वैजू. मला ठावंच न्हाय. घरी शब्द दिल्याला. ह्या केबिनीत तेवढं कोण नसतंय." मग जरा हसला. "आबांना दिल्याला शब्द जमिनीवरचा हुता. ही तर साडेचार फूट वर."

मी रडले. बर्थवर बसून चांगली हुंदके देऊन रडले. एवढी केबिन बांधली, त्याच्या पाठीचं माप घेतलं, गुडघ्याचं घेतलं, उशीचं घेतलं, आणि त्याचा श्वास मापायचा राहिला. यंत्राला घोरणारे लाखो माहीत होते, सनईवाला एकही नव्हता. लांब श्वास, मध्येच हिसका, आणि सूर लांबवला की ठोकेही मंदावतात. जागल्यानं पदरची अक्कल लावून झोप म्हटलं. ती फेरी मी वेळेवर केली असती तर त्याला कळलं असतं.

चाळीस मिनिटं हातात होती. मी हिशेब सरळ मांडला. यंत्र बरोबर म्हटलं तर मच्छिंद्रचा परवाना जातो. चूक म्हटलं तर विचारतील, फेरी केली होती ना? आणि तक्त्यावर माझी खोटी सही. मग दाखला जातो, कारखान्यातली अकरा माणसं बसतात, आणि पाटीवरची 'आणि कन्या' आबांच्या नावाला बट्टा लावते.

घरी येऊन आबांपुढं सगळं सांगितलं. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मला वाटलं आता थोबाडीत बसणार. "फेरी न करता सही?" त्यांनी विचारलं.

"हो, आबा."

"मग ती चूक हापिसात जाऊन सांग. लाकूड वाकडं कापलं तर रंग लावून सरळ हुतंय व्हय?" आणि ते उठून आपल्या हत्याराच्या पेटीकडं गेले. त्या पेटीला आम्ही कोणी हात लावत नाही. रंधे, पटाशा, वाकस काढून ठेवले आणि तळातून एक लाल फडकं काढलं. सनई होती. लाकूड तेलानं चकचकीत.

"ही अशी कशी राहिली?" मी विचारलं.

"दर दसऱ्याला हत्यारं पुजतो न्हवं? ही काय वेगळी हाय? हत्याराला गंज चढू द्यायचा न्हाय." मग खाली बघून म्हणाले, "अट घालून चूक केली, हे मला त्याच वर्षी कळलं हुतं. पर जावयाला सांगायचं कसं? मिस्त्री हाय मी."

चौकशी परिवहन कार्यालयाच्या मैदानात होती. अधिकारी परवीन मुजावर मॅडम, कडक बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मॅडम, यंत्रात दोष नाही. माप चुकलंय. मी फेरी न करता सही केली."

"लेखी द्याल?"

"आणलंय लिहून."

"तुमच्या दाखल्याचं काय होईल, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. दाखला माझा आहे, मॅडम. सत्तावीस वर्षं त्याची आहेत."

त्यांनी कागद वाचला. "पण चालक जागा होता, याला पुरावा काय? बायको साक्षीदार, मी कशी धरू?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? त्याला खुर्चीवर बसवा."

मच्छिंद्र उभ्या गाडीत चढला. आबा काठी टेकत पायरीपाशी गेले, लाल फडकं सोडलं आणि सनई वर केली. तिच्या तोंडाशी फुंकायची पत्ती त्याच्या आटपाडीच्या चुलतभावानं नवी धाडली होती. मैदानात परवान्याला आलेले पन्नास-साठ लोक बघत होते, त्यात आमची भावकीही होती.

"जावई," आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वाजवा. आन् मोठ्यानं वाजवा."

एकोणीस वर्षांनी पहिला सूर जरा फाटला. दुसरा लागला. तिसरा जो धरला तो धरलाच. पाटीवर श्वासाची रेघ लांब झाली, हिसका, पुन्हा लांब, ठोके मंद. तवंदीच्या पुढं होती तश्शीच. तीन मिनिटांनी जागल्यानं भोंगा वाजवला. *चालक झोपेच्या उंबरठ्यावर.* आणि त्याच्यावर सनई वाजतच होती. मैदान हसून लोटपोट. मुजावर मॅडम पण हसल्या, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाल्या, "झोपेत अशी वाजवणारा माणूस असेल, तर त्याला मी दोन परवाने देईन."

परवाना राहिला. माझा दाखला सहा महिन्यांसाठी निलंबित झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. ते सहा महिने मी आणि आमची अकरा माणसं जुन्या दिवसाच्या केबिनी दुरुस्त करत राहिलो. कोणी सोडून गेलं नाही. सनईचा श्वास जागल्याच्या कंपनीनं मागून घेतला, आता तो देशभरातल्या प्रत्येक जागल्यात भरलेला असतो. त्यामुळं तमिळनाडूतले नादस्वरमवाले ड्रायव्हर सुटले, असं ऐकलं. मापाच्या तक्त्यात सरकारनं एक ओळ वाढवली, 'चालक गातो किंवा वाजवतो काय?' ती ओळ आमची. कुठंही विचारा.

मच्छिंद्र आता जत्रेत वाजवतो, मांडवाच्या आत बसून, पहिल्या पंगतीला जेवून. पितळी आकडा त्यानं स्वतः परत बसवला.

दाखला परत मिळाला त्या सकाळी मी रंगाचा डबा काढला. मापाची फेरी झाली होती, दारावर नाव लिहायचं होतं. आबा म्हणाले, "आण हिकडं." त्यांचा हात थरथरतो, म्हणून मी त्यांचं मनगट धरू लागले, तर माझ्यावर खेकसले. अर्धा तास लागला. अक्षरं थोडी वाकडी आलीत, पण मी ती पुसू देणार नाही. हायवेवर कधी ती गाडी दिसली तर डाव्या दारावर वाचा:

मच्छिंद्र ऐवळे, सनईवाले.
तातोबा मिस्त्रींचे जावई.